माळवदाचे जुने वाडे: गोठा, बळद आणि पेवासह जतन करावेत का?

तेरणाकाठ:
लातूर-धाराशिव भागातील माळवदाच्या, म्हणजे लाकडावर माती पसरलेल्या सपाट छताच्या, जुन्या शेतकरी वाड्यांच्या जतनाची चर्चा दगडी दरवाजा आणि कोरीव खांब यांपाशीच थांबते, याचे मला वाईट वाटते. हे वाडे शेतीसाठी बांधलेले होते. दाराच्या आत ढाळज (बैठकीची ओसरी), एका अंगाला बैलांचा गोठा आणि गव्हाण, खोलीच्या पोटात धान्याचे बळद आणि जमिनीखाली पेव, अशी ती रचना असे. पेवात कडब्याचे अस्तर लावून ज्वारी भरत आणि तोंड बंद करीत. आतील प्राणवायू संपला की किडीला जगता येत नसे, म्हणून औषधाविना धान्य वर्षानुवर्षे टिके. दरवाजा आणि खांब विकून बाकीचे पाडले, तर ही सारी जाण जाते. वाडा जपायचा तर या सर्व वास्तूंसह जपावा.

बालाघाट:
आपल्या कळकळीचा आदर आहे, तरीही माझा ठाम विरोध आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे १०,००० माणसे गेली, आणि त्यातील बहुतेकांचा जीव घरांनीच घेतला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते, आणि माळवद गळू नये म्हणून वेळोवेळी टाकलेल्या पांढऱ्या मातीने छताचे वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेले होते. पेवाचेही तसेच आहे: उघडल्याबरोबर आत उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या घटना या भागाला नव्या नाहीत. अशा छताखाली राहा, असे मी कोणालाही सांगू शकत नाही.

तेरणाकाठ:
धोका खरा आहे, पण त्याच भूकंपात अनेक घरांच्या भिंती बाहेर ढासळल्या आणि लाकडी खणांचा (खांब-तुळयांचा) सांगाडा उभा राहिला, हेही नोंदले गेले आहे. म्हणजे दोष मुख्यतः भिंतींच्या बांधणीत आणि छतावरील ओझ्यात होता. भिंतीत जोडदगड (दोन्ही थरांना बांधणारे लांब दगड) घालणे, माळवदावरची जास्तीची माती उतरवणे, खांब-तुळयांचे सांधे पक्के करणे, हे उपाय अवघड नाहीत. दुसरी बाजूही पाहावी: पुनर्वसनात आखीव चौकोनी भूखंडांवर जी घरे मिळाली, त्यांत जनावरे, कडबा, अवजारे आणि धान्य यांचा पुरेसा विचार नव्हता, म्हणून लोकांनी पुढे घराला लागून पत्र्याच्या शेड उभ्या केल्या.

मांजरापट्टा:
आपण दोघेही मालकाविषयी बोलत नाही. वाटण्यांनंतर एका वाड्यावर अनेक भावकींची नावे लागतात, त्यातील निम्मे लोक पुण्यात असतात, आणि दावणीला बैल उरलेला नसतो. तीन दिवसांच्या पावसात माळवद गळू लागले की माती टाकायला वर कोण चढणार? दुरुस्तीला अनुदान नसेल, तर निदान मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे तरी करून ठेवावीत.

बालाघाट:
नोंदणीला माझी हरकत नाही. जतनाला मात्र माझी अट आहे: अभियंत्याने भिंती तपासून लेखी दिल्याशिवाय माळवदाखाली कोणी झोपू नये, आणि पेव कायमचे बुजवावे.

तेरणाकाठ:
पहिली अट मला पूर्ण मान्य आहे. पेव मात्र बुजवू नये. तोंडावर लोखंडी जाळी बसवली तर कोणी आत उतरणार नाही, आणि मुलांना त्याची बांधणी वरून पाहता येईल.