इंग्रजी वाक्यातला सब्जेक्ट नेमका कुठे संपतो?

कांजूरची आई:
मुलगा सहावीत, सेमी इंग्लिशला. सब्जेक्ट-प्रेडिकेट (उद्देश्य-विधेय) वेगळे करायचा गृहपाठ आहे. 'द बॉईज फ्रॉम द सेकंड फ्लोअर प्ले कॅरम' यात पोरगा 'द बॉईज'खाली रेघ मारून मोकळा! आणि 'अंडर द ब्रिज स्टँड्स अ वडापाव स्टॉल' याचं काय करायचं? क्लासचे सर म्हणाले, 'ब्रिज'.

परळचे निवृत्त मास्तर:
ताई, ब्रिज नाही. आधी क्रियापद शोधा. वाक्य भूतकाळात टाका, बदलेल ते क्रियापद: 'स्टँड्स'चं 'स्टुड' होतं. मग एका स्टॉलचे दोन करा. 'अंडर द ब्रिज स्टँड टू वडापाव स्टॉल्स'. गळाला ना एस? पूल हवे तेवढे वाढवा, क्रियापद ढिम्म. म्हणजे स्टॉल हाच सब्जेक्ट, भले शेवटी बसलेला असो. बाकी सगळं प्रेडिकेट.

पहिल्या वाक्यात 'दे' घालून बघा. 'दे प्ले कॅरम' होतं, 'दे फ्रॉम द सेकंड फ्लोअर प्ले' असं कुणी म्हणत नाही. 'दे'ने जेवढं गिळलं तेवढा सब्जेक्ट. फक्त 'सिंपल सब्जेक्ट', म्हणजे त्यातलं मुख्य नाम, विचारला असेल तर मुलाचं बरोबर, 'बॉईज'.

आपली पोरं अडतात ती मराठीच्या सवयीने. 'मुलीने आंबा खाल्ला', 'मुलीने कैरी खाल्ली': कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या तालावर नाचतं. इंग्रजीत 'द गर्ल इज ईटिंग'च्या पुढे आंबे ठेवा नाहीतर कैऱ्या, 'इज' तसाच. तेव्हा मराठीत भाषांतर करून सब्जेक्ट शोधायला लावू नका.

ठाणेकर:
मास्तर, 'देअर आर टू टॅप्स' घ्या. शेपटीचा प्रश्न (क्वेश्चन टॅग) जोडला तर त्यात सब्जेक्ट परत येतो, आणि इथे 'आरन्ट देअर?' येतं. मग सब्जेक्ट 'देअर'च की!

परळचे निवृत्त मास्तर:
बिनतोड आहे. आधुनिक व्याकरणकार हाच पुरावा देतात. पण शाळेत 'टू टॅप्स' शिकवतात, कारण नळ एकच केला की 'आर'चं 'इज' होतं. सहावीच्या पोराने तेच लिहावं. मार्क त्याचे जायचेत, तुमचे नाही.

कांजूरची आई:
स्टॉलचं पटलं, त्यालाही पटलं. आता विचारतोय, 'शट द डोअर'मध्ये सब्जेक्ट कुठाय?

परळचे निवृत्त मास्तर:
'यू', न बोललेला. दिसतंय ते सगळं प्रेडिकेट.