चर्चा: को-पायलट नवऱ्याने आखातात जावं, असं माझं मत आहे. विरोधी बाजू ऐकायची आहे

कळव्याची_मीरा

नवरा ३४ वर्षांचा, मुंबई बेस, ए३२० या छोट्या पल्ल्याच्या विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. आखातातल्या एका कंपनीने बोइंग ७७७ या लांब पल्ल्याच्या विमानासाठी त्याची निवड केली आहे, उत्तर महिन्याभरात द्यायचंय. त्याचा पाय निघत नाही, कारण इथे वर्ष-दीड वर्षात कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळण्याची चिन्हं आहेत. माझं मत ठाम आहे: जावं.

पैशाचं आधी सांगते, लपवण्यासारखं काही नाही. तिथे पगारावर आयकर नाही. इथे नव्या पद्धतीत २४ लाखांच्या पुढच्या रुपयावर ३० टक्के कर. घर कंपनीचं, मुलीच्या फीचा मोठा भाग कंपनीचा. त्याच्या लायसन्ससाठी सासऱ्यांनी साताऱ्याकडची जमीन गहाण टाकली होती, ती अजून सुटलेली नाही.

दुसरं कारण माझ्या जास्त जवळचं आहे. तो पहाटे तीनला उठून निघतो, दिवसात चार सेक्टर (म्हणजे चार उड्डाणं) करतो आणि दोन दिवसांनी ड्युटी रात्रीची येते. घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. मुलगी हळू आवाजात बोलायला शिकली आहे.

आणि नोकरी सोडण्याची नोटीस. विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला ६ महिने, कॅप्टनला पूर्ण १ वर्ष. कमांड घेतली की निघणं दुप्पट अवघड. वर्षभर वाट पाहणारी कंपनी सहसा भेटत नाही.

उतरलेला

ताई, माझं मत जाऊ नये. मी २०१६ ला गेलो आणि २०२० ला परतलो. त्या वर्षी एका ऑनलाइन मीटिंगमध्ये आम्हा कितीतरी जणांना सांगितलं गेलं की नोकरी संपली. कंपनीचं नाव घेत नाही. देणं-घेणं नियमाप्रमाणे झालं. पण घर कंपनीचं होतं, व्हिसा कंपनीचा होता, शाळेची फीही कंपनीच भरत होती. एका पत्राने तिन्ही गेलं. मुलगा आठवीत होता, त्याला मित्रांचा निरोप घेता आला नाही. फर्निचर मिळेल त्या भावाला दिलं.

इथे आलो तर इथलीही विमानं जमिनीवर. लायसन्स भारतीय होतं, पण तिकडे असताना डीजीसीएचं मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर विमान उडवण्याची परवानगी) दोन्हीची मुदत मी संपू दिली होती. ती माझी चूक. सिम्युलेटरचे पैसे खिशातून भरले. दोन वर्षं विमानाला हात लागला नाही. परत लागलो तो सीनियॉरिटीच्या यादीत शेवटून. ज्यांना मी शिकवलं होतं, त्यांच्या बाजूला बसलो.

खाडीपलीकडे

दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण ते २०२० चं आहे, आखाताचं नाही. भारतात राहिले त्यांना काय मिळालं? ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर थांबली. १७ एप्रिल २०१९ ला जेट. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. जेटच्या वैमानिकांचे तर बंद पडायच्या आधीच काही महिन्यांचे पगार थकले होते.

मी नऊ वर्षं इकडे आखातात ७७७ वर आहे. लांबच्या उड्डाणाला आम्ही चार वैमानिक असतो, पाळीपाळीने बंकमध्ये, म्हणजे विमानातल्याच झोपायच्या जागेत, झोपतो. ऑकलंडचं सोळा-सतरा तासांचं उड्डाण करून मी जितका थकतो, त्यापेक्षा जास्त ए३२० वर चार सेक्टर करून थकायचो. मुलांबरोबर जेवायला बसणं मला इकडे आल्यावर जमलं. मीराताईंचं दुसरं कारण मी शंभर टक्के जगलोय.

सह्याद्री_अप्रोच

मी इथेच कॅप्टन आहे आणि इथेच राहणार. बंकमधली झोप ही झोप नाही, हे आपण दोघंही जाणतो. आखाती कंपन्यांचं सगळं वेळापत्रकच असं की एका बाजूची विमानं मध्यरात्री आणून दुसऱ्या बाजूला पहाटे सोडायची. म्हणजे घरून निघायचं ते बहुतेक रात्री, आणि पोचायचं दुसऱ्याच घड्याळात. तिशीत ते जाणवत नाही, पन्नाशीत शरीर हिशेब मागतं.

उडवण्याचंही बोलू. ए३२० वरचा को-पायलट एका आठवड्यात जेवढ्या लँडिंग करतो, तेवढ्या लांब पल्ल्याच्या को-पायलटला महिनाभरात मिळतीलच असं नाही. चार जणांत लँडिंग एकच. ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग ही अट पुरी करायला काहींना सिम्युलेटर गाठावा लागतो. जुलैत मुंबईचा पाऊस, मंगळुरू आणि कोळिकोडच्या टेकडीवरच्या धावपट्ट्या, हे शिक्षण तुमच्या नवऱ्याला दुसरीकडे मिळणार नाही. कमांडच्या उंबरठ्यावर त्याने ते सोडू नये.

आणि थकव्यावर तोंड उघडायचा हक्क. विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये आले, मग पुढे ढकलले गेले. आपल्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढल्या, म्हणून २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरात ते दोन टप्प्यांनी लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंग ६ वरून २. अमिरातीत कामगार संघटना काढायलाच परवानगी नाही. तिथे रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) चुकीचं वाटलं तर जायचं कुणाकडे?

खाडीपलीकडे

नोव्हेंबरचा नियम डिसेंबरात टिकला का, तेही सांगा. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या ड्युटीच्या नियमातून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. कोर्टात जिंकलेली विश्रांती महिन्याभरात हातची गेली. लँडिंगचा मुद्दा मात्र मान्य. मलाही त्या मोजून मिळतात, आणि मला त्याची खंत आहे.

सह्याद्री_अप्रोच

सूट एका कंपनीला आणि ठरावीक तारखेपर्यंत होती. नियम कागदावर राहिला, त्यासाठी पुन्हा भांडता येतं. मला तोच फरक मोठा वाटतो.

घाटकोपरची_आजी

मी वैमानिक नाही, वैमानिकाची आई आहे. मुलगा आठ वर्षं तिकडे. मुंबईची फेरी त्याला महिन्यातून एखादी लागते. विमान आमच्या गच्चीवरून खाली उतरतं. वेळ माहीत असते, म्हणून मी वर जाऊन उभी राहते. तासा-सव्वा तासाने तेच विमान परत जातं. तो खाली उतरत नाही, त्याला उतरता येत नाही. माझ्यापासून पाच-सहा किलोमीटरवर माझा मुलगा असतो.

त्याचे वडील अचानक दवाखान्यात गेले तेव्हा तो ब्राझीलमध्ये होता. यायला दोन दिवस लागले. ते बरे झाले, पण ते दोन दिवस मी विसरले नाही.

तरी मीरा, मी तुझ्या बाजूची आहे. मुंबईत असताना तो घरी यायचा तो चिडलेला. काही विचारलं की डोळे मिटायचा. आता फोनवर मला भाजी काय केली ते विचारतो. मुलगा लांब असलेला मला चालतो, विझलेला चालत नाही.

बोरीवली_लोकल

सगळं विमानाबद्दल चाललंय. मीराताई, तुम्ही स्वतः काय करता? तिकडे तुमचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर असणार. माझ्या बहिणीने अशीच बँकेतली नोकरी सोडली. पाच वर्षांनी परतली तेव्हा कुणी मुलाखतीलाही बोलावलं नाही. हा तोटा पगाराच्या हिशेबात कुणी धरत नाही.

कळव्याची_मीरा

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, ११ वर्षं झाली. खरं सांगते, हे मी धरलंच नव्हतं. जमीन सुटेल आणि तो नीट झोपेल, एवढाच हिशेब मांडून बसले होते. मुलीची शाळा मोजली, माझी शाळा मोजली नाही.

आजी, तुमचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईला हे नको सांगूस."

त्याने जावं हे मत अजून तेच आहे. पण त्याच्याबरोबर मी आणि मुलीने लगेच जायचं का, याबद्दल मी आता ठाम नाही. निदान त्याचं प्रशिक्षण आणि प्रोबेशन पुरं होईपर्यंत मी नोकरी सोडणार नाही. बिनपगारी रजेचे नियम उद्या मुख्याध्यापिकांना विचारते. सह्याद्री दादा, तुम्ही मला पटवलं नाही, पण त्याला पटवलंय. कमांडचं वाचून तो पुन्हा डळमळला.

उतरलेला दादा, करार हातात आहे. सही करायच्या आधी काय पाहू?

उतरलेला

टाइप रेटिंगचा (त्या विमानाच्या प्रशिक्षणाचा) बाँड, म्हणजे नोकरीत राहण्याचं बंधन, किती वर्षांचा, आणि त्यांनीच काढलं तर तो माफ होतो का. हे लेखी हवं. व्हिसा रद्द झाल्यावर घर किती दिवस ठेवता येतं. मेडिकलला अनफिट ठरला तर लायसन्स गेल्याचा विमा कंपनी देते की स्वतः घ्यायचा. प्रोबेशनमध्ये फीची मदत मिळते का.

आणि करारात नसलेलं एक. डीजीसीएचं मेडिकल दर वर्षी इथे येऊन करायचं, रजा त्यासाठी मोडली तरी चालेल. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तारीख फ्रिजवर लावून ठेवा. भारतात राहिलेले दिवसही मोजत जा, आर्थिक वर्षात १८२ झाले तर कर इथे लागेल. मी अजूनही जाऊ नये याच मताचा आहे. गेलात तर एवढं करा.