शब्दचर्चा : चुरस, चढाओढ की ईर्षा?

डिचोलीहून : विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहितेय. खगोलशास्त्रातले दोन गट एकाच शोधामागे लागतात, तरी त्यांची मैत्री टिकते, असा विषय आहे. 'निरोगी स्पर्धा' कानाला खटकतं. 'ईर्षा' लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली, तो मत्सर झाला. काय लिहू?

फोंड्याहून : ताई, स्पर्धेला 'निकोप' म्हणा, तो शब्द आपल्याकडे रुळलेला आहे. आणि 'ईर्षा' मुळीच खोडू नका! हिंदीत ईर्ष्या म्हणजे जळफळाट, पण मराठीत 'ईर्षेने खेळला' हे आपण कौतुकानेच म्हणतो. आमच्याकडे चवथीच्या दिवसांत घुमट (मातीचं चर्मवाद्य) आरतीची पथकं ईर्षेने वाजवतात, आणि ऐन वेळी एकाचं घुमट फुटलं तर समोरचं पथक आपलं काढून देतं. तुमच्या लेखात हाच भाव हवा ना?

'चुरस' मात्र वेगळी. ती सामन्यात असते, निवडणुकीत असते; ईर्षा माणसाच्या मनात असते. 1998 चं उदाहरण घ्या. सॉल पर्लमटर यांचा गट आणि ब्रायन श्मिट, अ‍ॅडम रीस यांचा गट, दोघेही दूरचे अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन प्रचंड तेजाने झळकणारे तारे, मोजत होते. विश्वाचं प्रसरण किती मंदावतंय ते त्यांना बघायचं होतं. निघालं उलटंच, प्रसरणाचा वेग वाढतोय! एवढी अनपेक्षित गोष्ट एकाच गटाने सांगितली असती तर ती सहज गळी उतरली नसती. प्रतिस्पर्ध्यानेही तेच मोजलं, म्हणून तिला वजन आलं. 2011 चं नोबेल या तिघांत वाटलं गेलं. इथे चुरसही होती आणि ईर्षाही.

म्हापशाहून : 'अहमहमिका' राहिली. श्रेयासाठी 'मी आधी, मी आधी' चालतं, तिथे ती वापरावी. 'चढाओढ'ही मला तिच्याच जवळची वाटते. तिकिटासाठी, खुर्चीसाठी चढाओढ लागते. संशोधनाला मी तो शब्द लावणार नाही.

डिचोलीहून : देव बरें करूं! पण एकाच गटात आपापसात स्पर्धा लावली तर? एम87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या चित्राबद्दल लिहायचंय. 2017 ची निरीक्षणं 2018 मध्ये चार चमूंना दिली आणि एकमेकांशी बोलायला मनाई केली. चौघांनाही प्रकाशाचं कडंच दिसलं. चित्र जाहीर झालं 10 एप्रिल 2019 ला.

फोंड्याहून : तिथे 'स्पर्धा' नकोच, कारण कुणाला हरवायचंच नव्हतं. आपल्याला जे बघायची आस आहे तेच चित्रात उमटेल, ही भीती होती. म्हणून चौघांना वेगळं बसवलं. 'स्वतंत्र पडताळा' म्हणा.

डिचोलीहून : मग 1998 चं वाक्य असं करते : 'दोन्ही गटांनी एकमेकांविरुद्ध ईर्षेने काम केलं.'

फोंड्याहून : 'एकमेकांविरुद्ध' काढा. नुसतं 'ईर्षेने काम केलं' पुरे.