स्वतंत्र भारताचा पहिला फुटबॉल कॅप्टन कोण?

प्रश्न: मुलाला शाळेत प्रोजेक्ट आहे, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपल्या फुटबॉल टीमचा कॅप्टन कोण होता? डॉक्टर होता असं ऐकलंय, खरंय का?

उत्तर १: हो खरंय. तालिमेरेन आओ, नागालँडच्या चांगकी गावचे. कलकत्त्यात मेडिकलला शिकत होते आणि तेव्हाच मोहन बागान क्लबकडून डिफेन्समध्ये खेळायचे. वडील गेले त्याआधी मुलाने डॉक्टर व्हावं असं सांगून गेले होते, ते यांनी कधी सोडलं नाही, फुटबॉल एवढा जोरात चालू असताना सुद्धा. ऑलिंपिकच्या ओपनिंगला तिरंगाही त्यांच्याच हातात होता.

उत्तर २: ऑलिंपिकमधल्या त्या मॅचबद्दल पण लिहायला सांग त्याला! ३१ जुलैला फ्रान्सशी होती, आपले बरेच जण अनवाणी खेळले, रामनने गोल करून १-१ केलं पण दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी शेवटी फ्रान्सने मारला, २-१. अजून वाचताना जीव हळहळतो.

उत्तर ३: मला त्यांचं पुढचं आयुष्य जास्त भावतं. १९५० ला एमबीबीएस झाले, फुटबॉल थांबवला आणि आपल्या माणसांत परत गेले, नागालँडच्या आरोग्य खात्याचे संचालक म्हणून १९७८ ला रिटायर झाले. १९९८ ला गेले.

प्रश्नकर्ता: खूप आभार! मुलगा तर आता झेंड्याचंच चित्र काढत बसलाय 🙏