काजळीमागचा बर्ट विल्यम्स

अमेरिकेत पूर्वी तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची नक्कल करणारे नाचगाण्याचे खेळ व्हायचे. ते करणारे गोरेच, असं एकांनी लिहिलंय. सुरुवात तशीच झाली, 1830 च्या सुमाराची टी. डी. राईस या गोऱ्या नटाची 'जिम क्रो' या काळ्या पात्राची नक्कल बघा. पण तिथल्या यादवी युद्धानंतर काळ्या कलाकारांच्या कंपन्या निघाल्या आणि त्यातले बरेच जण स्वतःही काजळी फासायला लागले. प्रेक्षकांना 'काळा माणूस' तसाच बघायची सवय लागली होती ना!

बर्ट विल्यम्स या विनोदी नट-गायकाचंच घ्या. जन्म बहामातला, वर्ण मुळात उजळ. रोज बाटलीचं बूच जाळून, त्याची पूड पाण्यात कालवून तोंडाला लावायची, ओठ जाड दिसतील असे रंगवायचे, मगच रंगमंचावर. जॉर्ज वॉकर हा त्याचा जोडीदार मात्र काजळी न लावता उभा राहायचा. दोघांनी 1903 मध्ये 'इन दाहोमी' हे संगीत नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या नाट्यगृहांच्या भागात, आणलं. लेखक, संगीतकार, नट सगळे काळे. पुढे 1910 मध्ये विल्यम्स 'झिगफेल्ड फॉलीज' या नाचगाण्यांच्या बड्या कार्यक्रमात गेला. गोऱ्या नटांच्या बरोबरीने, तरी तोंडावर काजळी होतीच.

'नोबडी' हे त्याचं गाणं जुन्या रेकॉर्डवर आहे, जरूर ऐका. तो गातो कमी, रेंगाळत बोलतो जास्त. आवाजाला कुठे काजळी लागते?