कमाई वाढली की बायकांचा वाटा वाढतो का?

गोदाकाठ: निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), पॅकिंग बहुतेक बायकाच करतात. पैसा आला, बंगले झाले, पण सातबारा, सोसायटीचं कर्ज, विमा सगळं पुरुषांच्या नावावर. घर सुधारलं की ही विषमता आपोआप कमी होते का? बचत गटात मांडायचंय, करता येण्यासारखं काही असेल तर तेही सांगा.

चांदवडकर: आपोआप नाही. 2011च्या जनगणनेत 0-6 वयोगटातलं मुलींचं प्रमाण सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडे बागायती तालुक्यांपेक्षा चांगलं होतं. पाणी आलं, जमीन महागली आणि मुलीला वाटा देणं जास्तच जिवावर आलं. 2015-16च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांत स्त्रिया जेमतेम 14 टक्के. चांदवडला 1986 साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्याच चळवळीतून पुढे लक्ष्मीमुक्ती आली. सुरुवात तिथून करा.

फेरफारवही: लक्ष्मीमुक्तीत नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. अर्ज मात्र त्यानेच करायचा, तिला करता येत नाही. योजनेची खरी मेख हीच. चालू सातबारा, 8अ (खातेउतारा), दोघांची आधार, लग्नाचा पुरावा जोडा. फेरफार (हक्कबदलाची नोंद) धरला की हरकतीचे 15 दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. मंजुरीनंतर नवा सातबारा काढून नाव खातेदारांत आहे ना ते बघा. वारस नोंदीत बहिणींची नावं ‘इतर हक्कात’ ढकलून भाऊ ‘एकुमॅ’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून वर राहिल्याचे जुने सातबारे ढिगाने सापडतील.

बहिणींनी दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत हक्कसोडपत्रावर सही करू नये. नोंदवलेलं हक्कसोड मागे घ्यायला दिवाणी कोर्टच. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासून आहे. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005ला, वडील हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलंय.

टोळीहिशेब: जमीनच नसलेल्यांचं काय? समान कामाला समान मजुरीचा कायदा 1976 सालीच आला. पळवाट सोपी: छाटणी ‘गड्याचं’ काम, विरळणी ‘बाईचं’, म्हणून दर वेगळे. उक्त्यात (ठरावीक रकमेच्या ठेक्यात) तर एकरी रक्कम मुकादमाच्या हातात, नवरा-बायको मिळून एक जोडी. तिची मजुरी किती, हे कुठेच लिहिलेलं नसतं. हजेरीपत्रकात प्रत्येकीचं नाव आणि पैसे तिच्याच खात्यावर, एवढी अट सौद्याच्या वेळीच घाला. काम उरकल्यावर कोणी ऐकत नाही.

गोदाकाठ: बायकोचं नाव लागलं की पीएम किसान दोघांना मिळेल?

फेरफारवही: नाही. नवरा, बायको, अल्पवयीन मुलं मिळून एकच लाभ. त्या आशेवर कोणाला तयार करू नका, पुढे फसवल्यासारखं होतं.