मदत हवी आहे: जुनं विंडोज जसंच्या तसं नव्या पीसीत न्यायचंय, पण बूटच होत नाहीये

मंडळी, दोन दिवस डोकेफोड करून झाली म्हणून शेवटी इथे विचारतोय. जुना पीसी इंटेल आय५ चौथ्या जनरेशनचा, त्यात ५०० जीबीची साटा एसएसडी, विंडोज १०, तेही मूळचं ७ आणि त्यावर अपग्रेड होत होत इथवर आलेलं. नवा पीसी मी स्वतः जोडलाय, रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम आणि १ टीबीची एनव्हीएमई (साटापेक्षा नव्या, वेगळ्या पद्धतीने जोडली जाणारी एसएसडी). (पहिल्यांदा चालू केला तेव्हा कितीतरी वेळ स्क्रीन काळीच, म्हटलं गेला बोर्ड कामातून, नंतर कळलं की पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे बोर्ड नवी रॅम जुळवून घेतो त्याला, एवढा वेळ लागतोच.)

माझा भाबडा हिशोब असा की जुनी एसएसडी काढायची, नव्यात लावायची आणि बटण दाबायचं. ड्राइव्ह बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) दिसते पण बूटच्या यादीत येतच नाही. सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय, चालू करायला गेलो तर तो ऑप्शन निवडताच येत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीये, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालवतोय. तीच एसएसडी परत जुन्या पीसीत लावली की शहाण्या बाळासारखी चालू.

फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाक असं कोणीतरी म्हणणारच, पण एक जुनं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर आहे, ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, सेटअप फाइल सापडत नाही आणि सापडली तरी अ‍ॅक्टिव्हेट कुठून करणार. सगळा खटाटोप त्याच्यासाठीच चाललाय. काय करू?

प्रतिसाद १
तुमची जुनी डिस्क एमबीआर (पार्टिशन मांडायची जुनी पद्धत) असणार. विंडोज ७ च्या काळात लेगसी, म्हणजे जुन्या बूटच्या मोडमध्ये टाकलेलं, नंतर कितीही अपग्रेड केलं तरी पार्टिशनची पद्धत तीच राहते. नवा बोर्ड यूईएफआयने (बूटच्या नव्या पद्धतीने) बूट करतो, त्याला जीपीटी (पार्टिशनची नवी पद्धत) डिस्क आणि त्यावर बूटच्या फाइल्सचं ईएफआय पार्टिशन लागतं. सीएसएमच्या मागे लागू नका, आतल्या ग्राफिक्सवर तो बहुतेक मिळणारच नाही. विंडोज १० मध्ये १७०३ व्हर्जनपासून, म्हणजे २०१७ पासून, एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न घालवता डिस्क बदलून देतं. फक्त मूळ एसएसडीवर चालवू नका!! आधी क्लोनझिला या डिस्क कॉपी करायच्या सॉफ्टवेअरने पूर्ण डिस्क एनव्हीएमईवर क्लोन (हुबेहूब कॉपी) करा, मग जे काय प्रयोग करायचे ते क्लोनवर. आणि क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क एकाच पीसीत लावून विंडोज चालू करू नका, दोघींची सिग्नेचर (डिस्कची ओळख) सारखी असते, विंडोज त्यातली एक ऑफलाइन करून टाकतं.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. क्लोनच्या आधी दोन गोष्टी बघा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर बंद करा, नाहीतर नव्या बोर्डावर ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसेल. दुसरं, कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय टाका, त्यात लायसन्सचा प्रकार दिसतो, ओईएम (पीसीसोबत आलेलं) लिहून आलं तर ते लायसन्स जुन्या मदरबोर्डला बांधलेलं आहे, नव्यावर येणार नाही. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर नेता येतं, पण आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा.

प्रतिसाद ३
सगळे विंडोजबद्दल बोलताय, त्या फोटोच्या सॉफ्टवेअरचं काय? अशी बरीच सॉफ्टवेअरं लायसन्स हार्डवेअरला बांधतात. विंडोज अख्खं उचलून नेलंत तरी बोर्ड बदललेला त्याला कळणारच. जुना पीसी मोडीत काढायची घाई करू नका.

धागाकर्ता
खूप आभार. काल रात्री बसलो. टूलला आधी नुसतं तपासायला सांगितलं तर नापास, कारण डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन आणि त्याला तीनच्या वर चालत नाहीत. चौथं निघालं कुठल्यातरी जुन्या अपग्रेडने मागे सोडलेलं ४५० एमबीचं रिकव्हरी पार्टिशन. तशी दोन होती, त्यातलं वापरातलं कोणतं ते रीएजंट-सी या विंडोजच्या कमांडने बघितलं आणि दुसरं उडवलं, क्लोनवरच हां. मग विंडोजच्या पेनड्राइव्हवरून नवा पीसी चालू केला, शिफ्ट एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला, कन्व्हर्ट केलं, मिनिटभरात झालं.

त्यानंतर निळी स्क्रीन, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. पोटात गोळाच आला.

प्रतिसाद १
घाबरू नका. ते विंडोज आजवर साटावरून चालू व्हायचं, एनव्हीएमईचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लागतो हे त्याला माहीतच नाही. एकदा सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर) चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. पेनड्राइव्हच्या कमांड प्रॉम्प्टमधून बीसीडीएडिट या बूटची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने सेफबूट मिनिमल लावा, एकदा आत शिरलात की ते काढून टाका, नाहीतर दर वेळी सेफ मोडच उघडेल.

धागाकर्ता
झालं!! सेफ मोडमध्ये गेलं, बराच वेळ डिव्हाइसेस तयार करत बसलं, दोनदा रिस्टार्ट, आणि समोर माझाच डेस्कटॉप, तोच पसारा, तेच आयकॉन. लॅन चालत नव्हतं, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणून ठेवले होते म्हणून वाचलो. विंडोजचं लायसन्स ओईएमच निघालं, नवीन घ्यावं लागेल, घेईन.

आता मुख्य गोष्ट. ज्याच्यासाठी एवढं केलं ते सॉफ्टवेअर उघडतं आणि म्हणतं, हार्डवेअर बदललंय, पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. प्रतिसाद ३ वाले, तुमच्या तोंडात साखर पडो म्हणू की काय म्हणू कळत नाहीये. मूळ एसएसडी जुन्या पीसीत परत लावली, तिथे मुकाट्याने चालतंय. मग तो तसाच ठेवू का? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि तो पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाही.

प्रतिसाद ३
ठेवा. लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, फोटो पेनड्राइव्हने न्या-आणा. आणि त्या एसएसडीची एक इमेज (अख्ख्या डिस्कची बॅकअप फाइल) वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा, तिचंही वय झालंय.